समोरच्या घरातली व्हर्निटा

पोर्ट ऑल्डनच्या नगर परिषदेत बोलायला तीन मिनिटं मिळतात. समोरच्या टेबलावर एक छोटा दिवा असतो, तो आधी हिरवा असतो, मग पिवळा होतो, मग लाल. ओडेसा प्रुइट तिथे पहिल्यांदा बोलली तेव्हा दिवा लाल होऊन बराच वेळ झाला तरी ती बोलतच होती, आणि तिला थांबवायची कुणाची छाती झाली नव्हती. मुलाला जाऊन तेव्हा तीनच महिने झाले होते. त्यानंतरच्या सात वर्षांत ती त्या सभागृहात अकरा वेळा बोलली. आता तिचं बोलणं दिवा पिवळा असतानाच संपायचं. याची तिला लाज वाटायची. पोटच्या पोराचं मरण आपण शिवणकामासारखं बेतून, कापून, मापात बसवलं, असं तिला वाटायचं.

ओडेसा शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. पाचशे मुलांना रोज दुपारचं जेवण वाढायची. वेल्टन स्ट्रीटवर तिचं घर होतं, आणि रस्त्यापलीकडे, बरोबर समोर, व्हर्निटा गेन्सचं. दोघी एकाच वर्षी त्या रस्त्यावर राहायला आल्या. दोघींचे नवरे सोडून गेले, तेही एका वर्षाच्या अंतराने. ओडेसाचा मार्केल आणि व्हर्निटाचा डेशॉन एकमेकांच्या घरात वाढले. कुठला मुलगा कुठल्या घरात जेवला याचा हिशोब कुणी ठेवला नाही. दर दुसऱ्या शनिवारी व्हर्निटा ओडेसाच्या स्वयंपाकघरात तिचे केस विंचरून बारीक-बारीक वेण्या घालायची. तीन-तीन तास चालायचं ते. त्या तीन तासांत गल्लीतलं एकही माणूस त्यांच्या तावडीतून सुटायचं नाही.

मग तो जुलैचा रविवार आला. उकाड्याने माणसं घराबाहेर बसली होती. आइस्क्रीमची गाडी कोपऱ्यावर येऊन उभी राहिली, आणि एकोणीस वर्षांचा मार्केल आईसाठी आइस्क्रीम आणायला गेला. त्याच कोपऱ्यावर डेशॉनचं कुणाशी तरी भांडण चाललं होतं. कशावरून, तर त्या माणसाने चारचौघांत त्याला हसून काही म्हटलं म्हणून. डेशॉनने तीन गोळ्या झाडल्या. ज्याच्यावर झाडल्या तो पळून गेला. तिसरी गोळी मार्केलच्या मानेत घुसली. आधी धावत आला तो डेशॉनच. रस्त्यावर गुडघे टेकून तो मार्केलची मान दोन्ही हातांनी दाबत बसला होता, पोलीस आले तरी हात सोडत नव्हता.

डेशॉनला सव्वीस वर्षांची शिक्षा झाली. कोर्टात ओडेसा एका बाजूला बसली, व्हर्निटा दुसऱ्या. मधल्या वाटेने जाताना एकदा व्हर्निटाने हात पुढे केला. ओडेसाने तो पाहिला, आणि ती पुढे निघून गेली. तेव्हापासून सात वर्षं दोघी समोरासमोर राहत होत्या, पण एक शब्द नव्हता. व्हर्निटा वृद्धाश्रमात नोकरी करायची, तिने मुद्दाम दुपारची पाळी मागून घेतली. ओडेसा कामावरून परत यायच्या आत ती घराबाहेर पडलेली असायची. तिच्या पुढच्या खिडकीचा पडदा कधी उघडला नाही. ओडेसाने केस बारीक कापून टाकले. मुलगी जोनेल म्हणाली, "शोभतात गं ममा तुला."

मार्केलची आठवण काढायला जगाची परवानगी होती. त्याचा फोटो मोर्च्यात असायचा, चर्चमध्ये असायचा, लोक येऊन तिचे हात धरायचे. पण शनिवारी सकाळी कॉफी करताना तिचा हात आपोआप दोन कपांकडे जायचा, तो दुसरा कप कुणाचा, हे ती कुणाला सांगणार? ज्या बाईच्या मुलाने आपला मुलगा मारला, तिच्याशी बोलायला जीव तुटतो, हे तोंडातून काढायची सोय नव्हती. जोनेलसमोर तर नाहीच.

*

त्या वर्षी मे महिन्यात नाया नावाची नऊ वर्षांची मुलगी गेली. एका हॉलमध्ये मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. बाहेर गाड्यांच्या तळावर दोन टोळकी भिडली आणि एक गोळी पत्र्याची भिंत फोडून आत आली. मुली तेव्हा केक कापायला गोल करून उभ्या होत्या.

शहर पेटून उठलं. परिषदेच्या सभेला इतकी माणसं आली की जिन्यावर उभी राहिली. दर वर्षी मोर्च्यात गोळीबारात गेलेल्यांच्या फोटोंच्या पाट्या असायच्या, त्या लोकांनी आत आणल्या होत्या. ओडेसा पहिल्यांदा आली होती तेव्हा एकतीस पाट्या होत्या. आता कुणी मोजत नव्हतं.

"आम्हाला तुमच्याइतकंच दुःख आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण बंदुकांचे नियम शहराच्या हातात नाहीत. राज्याचा कायदा आडवा येतो. आपण राज्याला पुन्हा एक ठराव पाठवू शकतो."

"मागचा कुठाय?" मागून एक म्हातारा ओरडला. "मागच्या ठरावाचं काय झालं? पतंग केला का त्याचा?"

"शांतता राखा, प्लीज."

"शांतता तर कबरस्तानात पण आहे, बाई! तिथेच चाललोय आम्ही एकेक करून!"

ओडेसाचं नाव पुकारलं. ती माइकसमोर उभी राहिली, दिवा हिरवा झाला. "माझं नाव ओडेसा प्रुइट. माझा मुलगा मार्केल..." इथपर्यंत आली आणि थांबली. पुढचं सगळं तोंडपाठ होतं. ती बंदूक कुणाच्या तरी गाडीतून चोरलेली होती, मग तीन हातांतून फिरली, मग एका अठरा वर्षांच्या पोराला कुणीतरी गाडीच्या डिकीतून काढून विकली, आणि इतक्या हातांतून जाताना तिला कुणी एकदाही का अडवलं नाही, हा तिचा प्रश्न. अकरा वेळा विचारला होता. तिने समोर पाहिलं. एक सदस्य मांडीवरच्या फोनमध्ये बघत होता. दुसरा मान हलवत होता, अजून ती काही बोललीच नव्हती तरी.

"तुम्हाला माहीत आहे मी काय म्हणणार ते," ती म्हणाली. "मलाही माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. उरलेला वेळ नायाच्या आईला द्या." आणि ती जागेवर येऊन बसली. सभागृहात कुणी टाळीही वाजवली नाही.

आणखी चार-पाच जण बोलले. मग नाव पुकारलं, "व्हर्निटा गेन्स."

ओडेसाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण मागच्या दारातून, लोकांच्या गर्दीतून वाट काढत, कामावरचा निळा कोट घातलेली व्हर्निटाच येत होती. बारीक झाली होती. शेजारी बसलेल्या जोनेलने आईचं मनगट धरलं. "हिची हिंमत कशी झाली?"

व्हर्निटाने माइक खाली ओढला. हातात कागद नव्हता.

"मी डेशॉन गेन्सची आई," ती म्हणाली. "ज्याने मार्केल प्रुइटला मारलं त्याची."

जिन्यापर्यंत कुजबुज गेली.

"मिस ओडेसा सात वर्षं विचारतेय, त्या बंदुकीला मधे कुणी अडवलं का नाही म्हणून. मी अडवू शकले असते. मला ती सापडली होती. त्याच आठवड्यात, बुधवारी. बुटांच्या खोक्यात होती. मी हातात घेतली. वजनाने जडच होती." तिने माइक दोन्ही हातांनी धरला. "पोलिसांना फोन करायचा तर ते घरात शिरणार, आणि माझा मुलगा सहा फुटी, काळा, रागीट. तो जिवंत बाहेर येईल की नाही याची मला खात्री नव्हती. त्याला विचारायचं तर तो घर सोडून जाणार. नदीत टाकायची तर कुणाची आहे, मागायला कोण येईल, काही कळेना. कुणाला विचारू तेही कळेना. म्हणून मी ती परत खोक्यात ठेवली. वरती बूट ठेवले. आणि रविवार आला."

"लाज वाटत नाही?" कुणीतरी ओरडलं. "खुनी तूच!"

"वाटते," व्हर्निटा त्या आवाजाच्या दिशेने वळून म्हणाली. "रोज वाटते. पण आज या गावात आणखी एखादी आई बुटांचं खोकं हातात घेऊन बसली असेल. तिने कुणाला फोन करायचा, तेवढं सांगा. मला अजूनही माहीत नाही. सात वर्षं झाली, अजूनही माहीत नाही."

दिवा हिरवाच होता. ती आली तशी गर्दीतून निघून गेली.

*

"तिला माहीत होतं!" गाडीत जोनेल स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाली. "ममा, तिला बुधवारपासून माहीत होतं! आणि गुरुवारी तिने आपल्याकडे येऊन काकडीचं लोणचं दिलं होतं, आठवतंय तुला? लोणचं!"

"गाडी नीट चालव."

"तू इतकी गप्प कशी?"

ओडेसा गप्प होती, कारण तिच्या आत दोन गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या आणि त्यातली एक सांगण्यासारखी नव्हती. एक तर संताप. असा की दात शिवशिवत होते. आणि दुसरं, सात वर्षांनी तिने व्हर्निटाचा आवाज ऐकला होता. किंचित बसका, शब्दाच्या शेवटी खाली उतरणारा. घरी गेल्यावरही तो आवाज कानातून जाईना. शिव्या द्यायच्या तर त्याच आवाजाला, आणि ऐकायचा तर तोच. ओडेसाने स्वयंपाकघरातली सगळी भांडी काढून पुन्हा घासली.

दोन आठवडे गेले. ठराव पुढच्या सभेवर ढकलला, मग सुट्टीनंतरच्या सभेवर. व्हर्निटाचं बोलणं मात्र स्थानिक बातम्यांत दाखवलं, फोनवरून फिरलं. तिच्या दारावर कुणीतरी लाल रंगाने एक शब्द लिहिला. ओडेसाने खिडकीतून पाहिलं, व्हर्निटा स्टुलावर उभी राहून तो खरवडत होती. पूर्ण निघाला नाही. गुलाबी डाग राहिला.

जूनच्या एका मंगळवारी दुपारी चर्चमधून रेव्हरंड टॉलिव्हर आले. लठ्ठ, दमेकरी माणूस. पायऱ्या चढून आल्यावर आधी पाणी मागितलं.

"सिस्टर ओडेसा, एक अवघड काम आहे."

"तुमची सोपी कामं कधी असतात, पास्टर?"

"एका आईचा फोन आला. शनीस नाव आहे. कपाटावर कॉर्नफ्लेक्सच्या डब्यात तिला बंदूक सापडली. मुलगा सोळाचा. बाई पोलिसांना बोलवायला तयार नाही. मी आपल्या बॉइडला विचारलं, तो पोलिसातून निवृत्त झालाय, तो येऊन ती रिकामी करून जमा करून देईल, नाव न घेता. सगळी सोय आहे. पण ती म्हणते, आधी मला त्या निळ्या कोटवाल्या बाईशी बोलायचंय. टीव्हीवरच्या. त्याशिवाय दार उघडणार नाही."

ओडेसाने ग्लास उचलून मोरीत ठेवला.

"मग जा समोर. माझ्याकडे कशाला आलात?"

"गेलो होतो. आज तिची सुट्टी आहे, घरातच आहे, पण तिने दार उघडलं नाही. लोक येऊन काय काय ओरडून जातात, कोण कुणासाठी दार उघडेल?" रेव्हरंडनी रुमालाने कपाळ पुसलं. "मुलगा सात वाजता कामावरून परत येतो. म्हणजे आपल्याकडे चार तास आहेत."

"जगात मीच सापडले तुम्हाला?"

"तुझा आवाज ती ओळखेल," ते म्हणाले.

*

रस्ता ओलांडायला वीस पावलंही लागली नाहीत. दारावरचा गुलाबी डाग जवळून मोठा दिसत होता. ओडेसाने दारावर मूठ आपटली.

"व्हर्निटा! मी आहे. उघड."

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मग कडी निघाली. व्हर्निटा दारात उभी राहिली, पायात नुसते मोजे, हातात इस्त्रीचा शर्ट. ओडेसाने ठरवलं होतं की निरोप द्यायचा आणि वळायचं. पण तोंड उघडलं तर भलतंच बाहेर आलं.

"मीठ संपलं तर दार न वाजवता यायचीस तू! मध्यरात्री दाढ दुखली तर माझ्याकडे! नवरा गेला तर माझ्याकडे! माझ्या फ्रिजमध्ये काय आहे ते मला माहीत नसायचं, तुला माहीत असायचं! आणि ते खोकं सापडलं तेव्हा मी कुठे गेले होते? मेले होते मी?"

"आले होते मी," व्हर्निटा म्हणाली.

"खोटं बोलू नकोस!"

"बुधवारी. संध्याकाळी. खोकं पिशवीत घातलं आणि निघाले. रस्त्याच्या मधोमध आले. तू पडवीत मासे तळत होतीस. तुझी नणंद आली होती, पोरं होती, मार्केल काहीतरी नकला करत होता आणि तू हसत होतीस. तू मला पाहिलंस. झारा वर करून ओरडलीस, ये गं, गरम आहेत तोवर ये."

ओडेसाला आठवलं. तलावातले मासे, मक्याच्या पिठात घोळवलेले. रस्त्याच्या मधोमध उभी असलेली व्हर्निटा, हातात किराणाची पिशवी. ती म्हणाली होती...

"'नंतर येते' म्हणालीस," ओडेसा हळूच म्हणाली.

"नंतर येते म्हणाले. इतक्या माणसांत कसं काढू ते? वाटलं, उद्या सांगेन. गुरुवारी लोणचं घेऊन आले, तर जोनेल बसलेली. शुक्रवारी पाळी होती." तिने शर्ट छातीशी गोळा केला. "मी काही माफी मागत नाहीये. माफीची गोष्टच नाही ही. तू विचारलंस म्हणून सांगितलं."

ओडेसा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. त्या संध्याकाळी ती झारा खाली ठेवून दोन पायऱ्या उतरली असती तर? व्हर्निटाच्या तोंडाकडे नीट पाहिलं असतं तर? ती तर त्या बाईचं तोंड पुस्तकासारखं वाचायची. त्या दिवशी वाचलं नाही. मासे करपत होते.

"तुला मी कधीच माफ करणार नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"कधीच नाही."

"बरं."

"बूट घाल. एका बाईकडे जायचंय."

*

शनीसचं घर कारखान्याच्या बंद पडलेल्या भिंतीला लागून होतं. पस्तिशीची असेल, डोळे सुजलेले. तिने व्हर्निटाला पाहून दार उघडलं, मग तिच्यामागे ओडेसाला पाहिलं.

"या तुमच्या बहीण का?"

"शेजारीण," ओडेसा म्हणाली.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो कॉर्नफ्लेक्सचा डबा तसाच होता. त्याच्याभोवती शनीसने खुर्च्या उलट्या लावून कुंपण केलं होतं, जसं काही तो उठून चालू लागणार होता. व्हर्निटा त्याच्यापासून लांब, गॅसजवळ बसली. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"तुम्ही परत का ठेवली?" शनीसने विचारलं. "टीव्हीवर तुम्ही सांगितलंत, पण मला नीट कळलं नाही. म्हणजे कळलं. मी पण तेच करणार होते. डबा परत वर ठेवला पण होता. म्हणून विचारते."

"कारण ठेवल्यावर घर परत पहिल्यासारखं दिसायला लागलं," व्हर्निटा म्हणाली. "तो संध्याकाळी आला, जेवला, माझ्या ताटातला पाव उचलला. मला वाटलं, बघ, काही झालेलं नाही. चार दिवस मी ते घर पहिल्यासारखं बघून घेतलं. तेवढंच मिळालं मला."

शनीस रडायला लागली. "तो मला सोडून जाईल. म्हणेल, तू मला पकडून दिलंस."

"जाईल कदाचित."

"मग?"

"गेला तर कुठेतरी असेल ना गं," ओडेसा मधेच म्हणाली. तिचा आवाज चढला होता, तिलाच कळलं नाही का. "कुठेतरी असेल! रागावलेला असेल, तुझा फोन उचलणार नाही, तुला शिव्या देईल. पण असेल! मला कुणी असा मुलगा दिला तर मी त्याच्या शिव्या रोज सकाळी उठून ऐकेन."

व्हर्निटाने मान खाली घातली. तिचा मुलगा कुठेतरी होता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, तीन तासांच्या प्रवासावर, तुरुंगातल्या काचेच्या पलीकडे.

पाच वाजता बॉइड आला, हातात मासेमारीच्या सामानाची पेटी घेऊन. त्याने डबा अंगणात नेला, पाठ करून काही खटखट केलं आणि पाचच मिनिटांत पेटी बंद करून निघून गेला. इतक्या दिवसांची धास्ती आणि काम एवढंसं. शनीसने खुर्च्या सरळ केल्या. मुलगा येईपर्यंत थांबा, अशी तिने दोघींना गळ घातली, पण व्हर्निटा म्हणाली, "नाही. आता तू आणि तो. ओरड, भांडी फोड, हवं ते कर. गप्प तेवढी बसू नकोस."

*

गाडी व्हर्निटाची होती, जुनी, एसी बंद पडलेली. खिडक्या उघड्या टाकून दोघी वेल्टन स्ट्रीटवर आल्या. सात वाजत आले होते, तरी ऊन अजून छपरांवर होतं. व्हर्निटाने गाडी मधेच, ना तिच्या दारासमोर ना हिच्या, अशी उभी केली आणि बंद केली. उतरली कुणीच नाही.

ओडेसाच्या मनात आलं, आता उतरायला हवं. जोनेल येईल, बघेल. उद्या काय होईल ते उद्या. ठराव शरद ऋतूत पुन्हा येईल, पुन्हा कुणीतरी म्हणेल की हात बांधलेले आहेत, पुन्हा नव्या पाट्या. एका कपाटावरचा एक डबा कमी झाला, एवढंच. तिने दाराच्या खिटीवर हात ठेवला.

"मार्केलचं एक सांगू?" व्हर्निटा म्हणाली. समोरच्या काचेतून बाहेर बघत होती. "नको असेल तर नाही सांगत."

ओडेसाचा हात खिटीवरच राहिला. सात वर्षांत लोकांनी तिला मार्केलबद्दल खूप काही सांगितलं होतं, पण सगळं तिला माहीत असलेलंच. त्याच्या सगळ्या गोष्टी तिने कपड्यांसारख्या इतक्या वेळा काढून घातल्या होत्या की त्यांचा रंग उडत चालला होता. नवीन काही येणार नव्हतं. मेलेल्या माणसाचं नवीन काय येणार?

"सांग," ती म्हणाली.

"बारा वर्षांचा होता. शाळेत नाचाचा कार्यक्रम होता. एक दिवस डेशॉन घरी नसताना आला. दारात उभा राहून म्हणाला, मिस व्हर्निटा, तुम्हाला मुलींबरोबर हळू नाचतात तसं नाचता येतं का? पण ममाला सांगायचं नाही. ममा हसेल."

"मी कशाला हसले असते?"

"तू हसलीच असतीस. गल्लीभर सांगितलं असतंस." व्हर्निटाच्या ओठाचा कोपरा हलला. "मी कामावर निघाले होते, काळा ड्रेस घातला होता, त्या दिवशी आश्रमात कुणाचा तरी अंत्यविधी होता. म्हटलं, ये. स्वयंपाकघरात रेडिओ लावला. तर हा मोठ्याने मोजतोय, एक, दोन, तीन, चार. माझ्या पायाचा भुगा केला. मग थांबला आणि म्हणाला, सगळ्यांच्याच हातांना घाम येतो का? म्हटलं, येतो बाबा. तर म्हणाला, थांबा, माझ्याकडे उपाय आहे. खिशातून पुडी काढली, दोन्ही हातांना पांढरं पीठ चोळलं आणि पुन्हा माझ्या पाठीवर हात ठेवला. एक, दोन, तीन, चार."

"माझं कॉर्नस्टार्च!" ओडेसा एकदम वळली. "डब्यातून गायब व्हायचं! मी जोनेलला बोलले होते!"

"माझ्या पाठीचं काय झालंय ते मला माहीतच नाही. मी तशीच कामावर गेले. अंत्यविधीला पुढे उभी. मागून एक म्हातारे गृहस्थ माझ्या खांद्यावर टिचकी मारून म्हणतात, बाई, तुम्हाला सकाळी सकाळी कुणी मिठी मारली? मागे वळून आरशात बघते, तर काळ्या ड्रेसवर दोन पांढरे पंजे. एवढे-एवढे." तिने हवेत हात धरून माप दाखवलं.

ओडेसा हसली. आधी नाकातून हसू फुटलं, मग पोटातून, मग तिला ते आवरेना, आणि हसता हसता ती कधी रडायला लागली ते दोघींनाही कळलं नाही. व्हर्निटाने तिला हात लावला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ती थांबली. कोपऱ्यावरून एक सायकल गेली. कुणाच्या तरी अंगणात कोळशावर मांस भाजत होतं, त्याचा वास गाडीत आला.

बऱ्याच वेळाने ओडेसाने डोळे पुसले.

"मग? नाचला का तिच्याबरोबर?"

"नाचला म्हणाला. दुसऱ्या दिवशी धावत सांगायला आला. घाम आला नाही म्हणाला."

"कोण होती ती?"

"नाव सांगितलं होतं त्याने. काहीतरी... ल वरून होतं बघ."

"आठव," ओडेसा म्हणाली. तिने खिटीवरचा हात काढून मांडीवर घेतला आणि सीटला पाठ टेकली. "मला घाई नाही. नीट आठव."